पंपाला आखाजीची सुट्टी

आमच्या सासरच्या गावात एक सालदार होता, म्हणजे सालाच्या बोलीवर राबणारा गडी. हात एक, पाय एक, तोंड कायम उघडं, अंगाला हिरवा रंग. खाणं म्हणजे थोडं गोडं तेल, आणि कामाला लागण्याआधी तांब्याभर पाणी. आमच्या खान्देशात सालदाराचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, संपतं आणि आखाजीलाच पुढचं धरतात. त्या दिवशी शेतावरचा कुठलाच गडी कामाला हात लावत नाही. त्याला नवं पागोटं मिळतं, पुरणपोळी मिळते, दिवसभर सुट्टी मिळते. ह्या सालदारालाही मिळायची. फरक इतकाच की तो लोखंडाचा होता. तो गावाचा पाण्याचा पंप होता.

हसा, हसा. मीही हसले होते. पण हसून झाल्यावर डोक्यावर हंडा घेऊन नदीवर मलाच जावं लागलं, तेव्हा हसू कुठल्या कुठे पळालं.

माझं माहेर पिंप्राळ्याचं, जळगावला लागून. दारात रहाटाची विहीर. लग्न ठरवताना वडील शिरपूरच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत बैलगाडीनं जाऊन आले. काळी जमीन पाहिली, कापूस पाहिला, बैलांचे दात पाहिले, मुलगाही पाहिला. गावाची विहीर तेवढी पाहायची राहिली. घरी येऊन म्हणाले, "सोन्यासारखं घर आहे." सोन्यासारखंच होतं, फक्त प्यायला पाणी नव्हतं.

म्हणजे पाणी होतं, पण ते बारवेत. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. लोक पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात शिरायचे, पाय धुवायचे, चूळ भरायचे आणि तेच पाणी घागरीत घालून घरी आणायचे. त्या पाण्यात नारू होता. ज्यांनी तो पाहिला नाही ते भाग्यवान. पायाला फोड येतो, फुटतो, आणि आतून दोऱ्यासारखा किडा डोकं काढतो. तो काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळायचा. घाई केली आणि तुटला, की पाय गेलाच. माझ्या सासूला नारू इतक्यांदा झाला होता की तिचा डावा पाय घोट्यातून वळायचा बंद झाला होता. ती पाय ओढत चालायची आणि तसंच पाणी भरायची. उन्हाळ्यात बारव आटली की नदीच्या कोरड्या वाळूत झिरा उकरायचा, म्हणजे खड्डा, आणि त्यात पाझरलेलं पाणी वाटीवाटीनं उपसायचं. ते मात्र स्वच्छ असायचं, वाळूतून गाळून आलेलं. पण नदी कुठे, गाव कुठे!

सासूला आम्ही माय म्हणायचो. सासऱ्यांना सगळं गाव नाना म्हणायचं, म्हणून मीही मनातल्या मनात नाना म्हणायची. मनातल्या मनात अशासाठी, की सुनेनं सासऱ्याशी थेट बोलायचं नाही, अशी तिथली रीत. मग आमचं चालायचं कसं? मी दाराच्या चौकटीशी बोलायची आणि नाना बैलांशी. मी चौकटीला सांगायची, "भाकरी झाल्या म्हणावं." नाना बैलाच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "चाल रे राजा, जेवाले बलाई ऱ्हायनात." मग बैल राहायचा गोठ्यात आणि नाना यायचे जेवायला. सुरुवातीला मला वाटायचं, मी वेड्यांच्या घरात पडले. पुढे पुढे चौकटीशी माझं चांगलं जमलं. तिनं मला कधी उलट उत्तर दिलं नाही.

माझ्या लग्नाला वर्ष झालं असेल-नसेल, तेव्हा पंप आला. स्वातंत्र्य नवं होतं, ब्लॉक नावाचं काहीतरी आणखी नवं निघालं होतं, आणि त्या ब्लॉकचा एक ओव्हरसियर बैलगाडीत लोखंड घालून गावात उतरला. त्यानं बारव उन्हाळ्यातही आटू नये इतकी खोल खणून घेतली, तिच्या पायऱ्या दगडांनी बुजवल्या, वर फरशी घातली, फरशीवर पंप उभा केला. मग लोकांना गोळा करून भाषण दिलं. "आता पाण्यात पाय नाही, म्हणजे नारू नाही. पण एक लक्षात ठेवा, हा पंप तुमचा आहे. सरकार रोज रोज येणार नाही. त्याला तुम्हीच सांभाळायचं." एवढं बोलून चहा पिऊन तो गेला.

तुम्हीच सांभाळायचं, ह्या वाक्यानं गावाची झोप उडाली. सांभाळायचं म्हणजे काय करायचं? चावडीवर बैठक बसली. बायकांनी कुठे जायचं चावडीवर. पण आमच्या घरात पुढे कितीतरी दिवस त्याच गप्पा चालल्या होत्या, तेव्हा मी तिथे होतेच असं धरा. प्रश्न पडला, हा आहे तरी कोण? देव म्हणावा तर शेंदूर लावावा लागेल, आणि मग गुरव तेलावर हक्क सांगेल. जनावर म्हणावं तर त्याला कोण्या एकाच्या गोठ्यात बांधावं लागेल. पाहुणा म्हणावा तर पाहुणा आज ना उद्या जातो. शेवटी नानांनी मांडीवर हात मारला.

"देव नही, ढोर नही, पाव्हना बी नही. बठ्ठा गावनं काम करस, कोठे जात नही, तं मंग सालदारच ना!"

झालं. नानांचा शब्द म्हणजे गावात दगडावरची रेघ. सालदार म्हटल्यावर सगळ्यांना एकदम सगळं कळलं, कारण सालदार कसा सांभाळायचा हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक. त्याच्या जेवणाचे वार लागले. ज्याच्या घरचा वार, त्यानं वाटीत तेल आणून सांध्यांना घालायचं. दांड्याची खीळ झिजली तर लोहाराकडे न्यायची; गड्याच्या वहाणा तुटल्यावर मालकच शिवून देतो ना! आतला चामड्याचा वायसर कोरडा पडला की पंप पाणी उचलत नाही, आधी वरून तांब्याभर पाणी ओतावं लागतं. त्याचा अर्थ सगळ्यांनी आपोआप लावला, की गड्याला कामाआधी पाणी विचारावं, ही साधी माणुसकी आहे. भर दुपारी त्याला राबवायचं नाही. दिवेलागणीनंतर त्याला उठवायचं नाही. एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "तमाखूनं काय?" त्यावर बराच वाद झाला. शेवटी ते बाबाच रोज सकाळी पंपाच्या डोक्यावर चिमूटभर तंबाखू ठेवायचे, थोडा वेळ वाट पाहायचे, आणि त्याची इच्छा दिसत नाही म्हणून स्वतःच खायचे.

बायकांची वेगळीच पंचाईत. सालदार झाला तरी परका पुरुष. आमच्या शेजारची नवी नवरी पंपासमोर पदर तोंडावर ओढायची आणि एका हातानं पदर धरून दुसऱ्या हातानं दांडा मारायची. मी म्हटलं, "अगं, लोखंड आहे ते!" तर म्हणते कशी, "लोखंड शे, पन माले दखी ऱ्हायना ना!" कप्पाळ! त्याच्या डोक्याशी डोळ्यांसारखे दोन पेच होते, त्यामुळे तो खरंच बघतोय असं वाटायचं, हे मात्र मलाही कबूल.

पण खरं सांगू? पंप चालत होता. पंप कुरकुरला की सगळं गाव कान टवकारायचं, "कोना घरनं तेल चुकनं?" आणि ज्याचा वार चुकला असेल तो लाजेनं काळाठिक्कर पडायचा. सालदाराला उपाशी ठेवणारं घर, ह्यापेक्षा मोठी बदनामी नाही. त्या घराला पुढे गडी मिळत नाही. पलीकडच्या गावालाही असाच पंप मिळाला होता. त्या गावानं ठरवलं, पंप सरकारचा आहे, तेव्हा सरकार बघेल. पहिला पावसाळा संपायच्या आत त्याचा दांडा कोणाच्या तरी गाडीला आडणा म्हणून लागला होता, आणि लोक फरशी फोडून पुन्हा पाण्यात पाय घालत होते. आमच्याकडे नव्या नारूचं नावही ऐकू येईनासं झालं. तेव्हा वेडेपणा म्हणायचा तरी कशाला, असं मला व्हायचं. मग आखाजी आली.

वैशाखातली आखाजी म्हणजे आमच्याकडे दिवाळीपेक्षा मोठी. लेकीबाळी माहेरी आलेल्या, झाडाझाडाला झोके, गौराईची गाणी. गडी माणसं चावडीवर पत्ते कुटत बसलेली. त्या दिवशी जुगाराला कोणी नाव ठेवत नाही. आणि घरोघरी पितरांची घागर. नवी मातीची घागर त्या दिवशीच्या ताज्या पाण्यानं काठोकाठ भरायची, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, नाहीतर आंबा ठेवायचा, पुरणाचं जेवण करून चुलीतल्या निखाऱ्यावर आगारी, म्हणजे पितरांचा घास, टाकायची. मग पितर जेवतात, पाणी पितात आणि वर्षभरासाठी तृप्त होऊन जातात. म्हणजे सगळ्या वर्षात पाण्याची सगळ्यात जास्त गरज कधी? तर आखाजीला. घरं माणसांनी भरलेली, ऊन असं की वाळूत पापड भाजावा.

आणि त्याच दिवशी सालदाराला सुट्टी!

आदल्या संध्याकाळी नानांनी दांड्याची खीळ काढली, दांडा वेगळा करून आमच्या गोठ्यात जुवांच्या शेजारी खुंटीला टांगला, पंपाच्या डोक्यावर नवं गुलाबी पागोटं बांधलं. सकाळी त्याच्यापुढे पुरणपोळीचं ताट ठेवलं. ते कुत्र्यानं खाल्लं, पण मान सालदाराला पोचला असं मानण्यात आलं. आणि नेमका त्याच दिवशी ओव्हरसियर तपासणीला आला! पागोटं घातलेला, दांडा नसलेला पंप बघून बिचारा आधी चारी बाजूंनी फिरला. मग विचारलं, "हा बंद का?"

"आज त्यानी सुट्टी शे, साहेब," नाना म्हणाले.

"सुट्टी? कोणी दिली?"

"आखाजीनी सुट्टी कोनी देवाले लागस का?"

"अहो, मला सुट्टी नाही, मी उन्हातान्हात सायकल मारत आलो, आणि पंपाला सुट्टी?"

नानांना त्याची खरोखर कीव आली. म्हणाले, "तुमना मालक बराबर नही, साहेब." मग त्याला घरी नेऊन आमरस-पुरणपोळी वाढली. जाताना तो पंपाकडे बघत म्हणाला, "चालतोय तर चालू दे." त्यानं वर काय कळवलं, देव जाणे.

त्या दिवशी पाणी कुठून आलं हे कोणी विचारलं नाही. ओव्हरसियरनं नाही, नानांनी नाही. पाणी नदीवरून आलं. माय आणि मी उजाडताना गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. माय पाय ओढत होती, तिच्या डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी. वाटेत पंपावरून जाताना मी धुसफुसले. "लोखंडाला पागोटं, लोखंडाला पुरणपोळी, आणि आपण? आपण काय दगडाच्या?" माय हसली. तिला राग यायचाच नाही, हीच तिची खोड. म्हणाली, "ऱ्हाऊ दे व. लोखंड बी थकस."

माय पंपावर जीव टाकायची, हे सांगायचं राहिलं. आयुष्यभर वाकून पाणी भरलेली बाई. तिला त्या पंपाचं सगळ्यात मोठं नवल हे, की पाणी उभ्यानं मिळतं. घागर भरून झाली तरी ती तिथेच उभी राहायची, तोटीतून पडणारं पाणी बघत. "वाकनं पडत नही व," असं मला दहादा सांगायची. त्या थंडीत ती तापानं गेली. चार दिवस अंथरुणावर होती. त्याआधी तिला अंथरुणावर पडलेली मी पाहिलीच नव्हती. शेवटच्या दिवशी तिनं पाणी मागितलं तेव्हा नाना स्वतः पंपावर गेले आणि तांब्या भरून आणला. ती दोन घोट प्यायली आणि म्हणाली, "गोड शे."

त्यानंतर नाना बैलांशीही फारसं बोलेनासे झाले. एकच गोष्ट मात्र ते गोठ्यात, शेतात, चावडीवर, जो भेटेल त्याला सांगायचे, "यंदानी आखाजीले तिनी घागर पंपना पानीनी भरसूत." तिची पहिली घागर. ती त्या गोड पाण्यानं भरायची, हा त्यांचा ध्यासच झाला. मलाही ते पटलं होतं. बारवेच्या पाण्यानं तिचा पाय खाल्ला, नदीच्या पाण्यानं तिचा जन्म खाल्ला. निदान मेल्यावर तरी तिला उभ्यानं मिळालेलं पाणी मिळावं.

आता ह्यात एक गोची आहे ती तुमच्या लक्षात आली असेल. नानांच्या आली नाही. गावात कोणाच्याच आली नाही, माझ्याही नाही! आखाजीच्या आदल्या संध्याकाळी नानांनी मागच्या वर्षीच्याच थाटात खीळ काढली, दांडा खुंटीला टांगला, पागोटं बांधलं, आणि मोठ्या समाधानानं झोपले. सकाळी मी कुंभाराची नवी घागर धुवून ओट्यावर ठेवली. बाकीच्या घरच्या बायका उजाडतानाच नदीवरून घागरी भरून गेल्या होत्या. आमची घागर पंपाची, म्हणून मी गेले नव्हते. नाना आंघोळ करून आले, घागर उचलली, दोन पावलं चालले आणि थांबले. त्यांनी पंपाकडे पाहिलं. पंप गुलाबी पागोट्यात ऐटीत उभा होता.

नाना गोठ्यात गेले. खुंटीवरच्या दांड्याला हात लावला. हात मागे घेतला. बाहेर आले, परत आत गेले. शेवटी घागर ओट्यावर ठेवून चावडीकडे निघाले, आणि मी चुलीवरचं पुरण हलवत कान तिकडेच लावले. चावडी आमच्या समोरच होती.

पत्ते थांबले. प्रश्न मांडला गेला. एक आबा खाकरून म्हणाले, "नेम तुमनाच शे, नाना. आज तुम्हीन गडीले कामले लावशात, तं उद्या मी रातले लावसू." खरंच होतं. मग तोडगे सुरू झाले. माय वं, काय ते तोडगे! एकजण म्हणाला, अजून ताट ठेवलेलं नाही, म्हणजे सुट्टी सुरू झालेली नाही. तेवढ्यात कोणीतरी दाखवलं की ताट ठेवून झालंय आणि कुत्रं जेवतंय. दुसरा म्हणाला, पलीकडच्या गावाचा सालदार बदली म्हणून आणू. तर तो मेलेला. तिसरा म्हणाला, जुनं साल संपलं, नवं आत्ताच्या आत्ता धरू, सुपारी देऊ, म्हणजे पहिलं काम घागरीचं. त्यावर आबा म्हणाले, धरल्या दिवशी राबवणारा मालक म्हणून गावाचं नाव जाईल. तंबाखूवाले बाबा म्हणाले, त्यालाच विचारा. आणि खरोखर उठून पंपापाशी जाऊन त्याच्या तोटीला कान लावून बसले. आमचे हे, म्हणजे माझे यजमान, तेही त्या सभेत होते आणि गंभीर तोंडानं मान हलवत होते. ऊन चढत होतं. पितरांची वेळ टळत चालली होती. इतक्या शहाण्या माणसांत एकालाही नदी आठवली नाही, कारण नदी हा तोडगाच नव्हता. नदी म्हणजे बायका.

नाना परत आले, ओट्यावर घागरीशेजारी बसले. मग गोठ्याकडे तोंड करून बैलाला म्हणाले, "राजा, नदीवरथीन आनो म्हना. काय करतस आते."

म्हणजे मला. मी चूल सोडून उठले, चुंबळ घेतली, घागर घ्यायला वाकले. रोजचंच काम, माझी ना नव्हती. पण वाकले आणि मला मायचा पाय दिसला. वाळूत ओढलेला, त्याची रेघ उमटलेली. मी चुंबळ खाली टाकली. माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. चौकटीकडे तोंड केलं, कारण रीत म्हणजे रीत, आणि म्हटलं:

"चौकटी, ऐक. मी नाही जात. लोखंडाला सुट्टी, तर मलाही सुट्टी. मागच्या आखाजीला ह्याच वेळी माय नदीवर होती. मोडका पाय घेऊन गेली, दोनदा गेली. तेव्हा कोणी चावडी भरवली नाही, कोणी विचारलं नाही की हिला सुट्टी आहे का! हिनं जन्मभर ह्या घराचं पाणी भरलं, हिला कधी पागोटं नाही की ताट नाही. आता तिच्या घागरीचंही पाणी दुसरी बाईच आणणार? तिला आवडेल का, विचार म्हणावं!"

बोलून गेले आणि मग घाबरले. चावडीवरसुद्धा आवाज गेला असणार, कारण पत्ते वाटायचा आवाज थांबला. नाना हलले नाहीत. मला वाटलं, आता मला पिंप्राळ्याला पोचवतात. मग ते उठले. डोक्यावरचं पागोटं काढलं. नानांचं उघडं डोकं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं, गावानंही नाही. मधोमध टक्कल, बाजूला पांढरे केस. त्यांनी पागोट्याची गुंडाळी केली, चुंबळीसारखी, वेडीवाकडी. ती डोक्यावर ठेवली, रिकामी घागर वर ठेवली, एका हातानं धरली आणि नदीकडे चालू लागले.

हे चावडीवरून धावत आले. "नाना, द्या, मी आनस!" नानांनी नुसता हात हलवला. मग सगळी चावडीच उठली आणि अंतर ठेवून मागे निघाली. पुढे उघड्या डोक्याचे नाना, मागे अख्खं गाव, आणि पंपापाशी नवं पागोटं घालून सालदार आरामात. झोक्यावरच्या पोरी गाणं विसरल्या. मी पदर नीट केला आणि मागोमाग गेले.

नदीच्या काठाला गडी माणसं थांबली. झिरा ही बायकांची जागा, पुरुष तिथे पाय ठेवत नाहीत. नाना एकटेच वाळूत उतरले. वाळू तापलेली, पाय उचलून उचलून टाकत होते. झिऱ्यात ओंजळ घातली तर पाणी गढूळ. थांबावं लागतं, निवळू द्यावं लागतं, हे त्यांना कुठे माहीत. चिडले, पुन्हा ओंजळ घातली, पुन्हा गढूळ. मी जाऊन त्यांच्यासमोर वाटी ठेवली आणि बाजूला झाले. मग ते बसले, वाट पाहिली, वाटी वाटी भरत राहिले. घाम टपटप गळत होता. घागर भरली तशी ती दोन्ही हातांनी उचलायला गेले आणि गुडघ्यापर्यंतच उचलली. भरलेली घागर एकट्यानं स्वतःच्या डोक्यावर चढवता येत नाही. त्याला दुसरं माणूस लागतं. नानांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. बैल नव्हता. मी होते.

"हात लाव व, पोरी," ते म्हणाले.

लग्न झाल्यापासून माझ्याशी थेट बोललेले हे त्यांचे पहिले शब्द. मी हात लावला.

परतीच्या वाटेवर घागर सारखी हिंदकळत होती. पाणी डोक्यावरून, पाठीवरून, धोतरावर. मायच्या डोक्यावरून मी कधी थेंब सांडलेला पाहिला नव्हता, पाय ओढत असूनही. नाना दोनदा थांबले, मान धरली. घरी आले, मी घागर उतरवून घेतली, आणि ते ओट्यावर बसले ते एकदम बसलेच. श्वास लागला होता. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चौकटीकडे नाही, माझ्याकडे.

"हाई इतलं... रोज?"

"पंप यायच्या आधी उन्हाळाभर रोज, नाना," मी म्हटलं. "आखाजीले बी."

त्यांनी मान खाली घातली. माझा राग कुठे गेला कळलं नाही. मला नुसतं रडू येत होतं, मायसाठी आणि त्यांच्यासाठीही. चावडीवरचे लोक अंगणात उभे होते, पायांकडे बघत. थोड्या वेळानं नानांनी घागरीत डोकावून पाहिलं. अर्धी सांडली होती. पितरांची घागर अर्धी चालत नाही, काठोकाठ लागते. मी म्हटलं, "राहू द्या नाना, उरलेलं मी आणते." ते आतून मायची जुनी कळशी घेऊन आले, ओलं पागोटं पुन्हा गुंडाळून डोक्यावर ठेवलं आणि दुसऱ्या खेपेला नदीकडे गेले.